सहावा गठ्ठा

भंगारवाल्याच्या टेम्पोवरचा भोंगा आमच्या खर्डीतल्या आळीत शिरला, की आधी कुत्री भुंकतात आणि मग माणसं आपापल्या पडवीकडे बघायला लागतात. काय देता येईल? त्या दिवशी आमच्या पडवीत सतरा वर्षांचा कॉम्प्युटर होता. म्हणजे नुसता डबा. मॉनिटर केव्हाच गेला होता, कीबोर्डात एका पावसाळ्यात मुंग्यांनी वस्ती केली होती आणि डब्यावर आमची मंडळी गेली चार वर्षं मिरच्या वाळत घालत होती. भंगारवाल्याने डबा एका हाताने उचलला, दुसऱ्या हाताने ठोकला, कलिंगड पारखतात तसा कान दिला आणि म्हणाला, "दीडशे देतो, काका."

मी दोनशे म्हणणार, तेवढ्यात लेक बाहेर आली. ती ऐरोलीला एका कंपनीत जाते. पहाटेच्या लोकलने ठाणे, तिथे गाडी बदलून पुढे. त्यामुळे रविवार सोडला तर ती आम्हाला उजेडात दिसत नाही. तो रविवार होता.

"बाबा, हार्डडिस्क काढलीत?"

"सगळं डिलीट केलंय गं. रीसायकल बिनसुद्धा रिकामा केला."

नव्याने लागलेल्या शिपायाकडे मी नोकरीत असताना बघायचो, तसं तिने माझ्याकडे बघितलं. मग स्क्रू ड्रायव्हर आणला, डब्याची एक बाजू उघडली आणि आतून वहीच्या अर्ध्या पानाएवढी, पण हाताला विटेसारखी जड अशी एक वस्तू काढून माझ्या मांडीवर ठेवली. भंगारवाल्याचा चेहरा पडला. "मग शंभरच," तो म्हणाला. "त्यातच तर ॲल्युमिनिअम असतं." डबा गेला, शंभर रुपये आले आणि 80 जीबीची ती वीट घरात राहिली.

माझ्या डिस्कवर माझं असं फारसं काही नव्हतंच. अडचण तीच होती. 2007 साली लेकीच्या शिक्षणासाठी म्हणून हप्त्याने घेतलेला हा कॉम्प्युटर वर्षभरात आळीचा झाला आणि मग पाड्यांचा. सरकारी कारकून, घरी कॉम्प्युटर आणि वर स्कॅनर; अशा माणसाच्या ओट्यावर किती चपला जमतात, ते माझ्या घरी विचारा. अकरावीचे फॉर्म, शिष्यवृत्ती, पोलीस भरती, जातीचे दाखले, रेशनकार्डात सुनेचं नाव चढवणं आणि क्वचित उतरवणं. माणसं पिशवीतून पिशवी काढत, तिच्यातून रुमाल, रुमालातून चौघडी घातलेला कागद, आणि तो माझ्या हातात देऊन म्हणत, "राहू दे तुझ्याकडंच. परत लागला तर?" मी ठेवत गेलो. देशातलं पहिलं आधारकार्ड 29 सप्टेंबर 2010 रोजी आपल्याच नंदुरबार जिल्ह्यातल्या टेंभली गावात दिलं गेलं. पुढे ती लाट आमच्या ओट्यापर्यंत आली आणि निम्म्या आळीचे अंगठे, डोळे मिटलेले फोटो आणि बारा आकडे माझ्या 'डी' ड्राइव्हवर येऊन बसले.

आता यात गुप्त ते काय, असंही कुणी म्हणेल. जन्मतारखा बघितल्या तर जवळजवळ सगळ्या 1 जून. गुरुजींनी पोराचे दात बघून वर्ष ठरवायचं आणि तारीख सोयीची टाकायची, हा रिवाज उभ्या महाराष्ट्राचा. आमच्या आळीत 1 जूनला केक कापायचं ठरवलं तर गावातला मैदा संपेल. पण त्या फोल्डरांत लग्नाचे बायोडेटा होते, आणि बायोडेट्यात वधूची उंची दोन वेळा दोन प्रकारे लिहिलेली होती. कुणाच्या सोनोग्राफीचे रिपोर्ट होते. भावाने भावावर करायचा, करून मग न पाठवलेला अर्ज होता. आणि पलीकडच्या मावशीचं एक पत्र होतं. त्याचं पुढे सांगतो.

यातलं बरंचसं मी 'शिवाजी' फॉन्टमध्ये टाइप केलेलं. ज्यांनी त्या काळात मराठी टायपिंग केलंय त्यांना ठाऊक आहे, की तो फॉन्ट समोरच्याच्या मशीनवर नसेल तर कवितेचीसुद्धा इंग्रजी अक्षरांची भेळ होते. एवढी साधी, फुकट आणि नकोशी गुप्तलिपी जगात दुसरी नसेल. मी हा मुद्दा लेकीपुढे मांडून बघितला. ती म्हणाली, "बाबा, आधारकार्डाचे फोटो आहेत. फोटोला फॉन्ट लागत नाही."

डिलीट म्हणजे काय, हे तिने मला माझ्याच भाषेत समजावलं. "सातबाऱ्यावरून नाव कमी केलं, म्हणजे जमीन नाहीशी होते का? जमीन तिथेच, बांध तिथेच, उभं पीकसुद्धा तिथेच. फक्त तलाठ्याच्या वहीत आता ती कुणाच्या नावावर नाही. दुसरा येऊन नांगर घालेपर्यंत सगळं जसंच्या तसं." डिस्कवरही एक वही असते, कुठली फाइल कुठे आहे ती लिहून ठेवणारी. डिलीट केल्यावर त्या वहीतली ओळ तेवढी जाते. फॉरमॅट म्हणजे बहुतेक वेळा नवी कोरी वही आणणं. उजनीच्या पाण्यात गेलेलं पळसदेवचं जुनं देऊळ उन्हाळ्यात पाणी उतरलं की परत दिसायला लागतं, लोक जाऊन फोटो काढतात. साधारण तसंच. पाणी उतरवणारा माणूस भेटायचा अवकाश.

आणि अशी माणसं असतात. अमेरिकेत एमआयटीमधल्या सिम्सन गारफिंकेल आणि अभी शेलट या दोघांनी 2003 साली एक लेख लिहिला. त्यासाठी त्यांनी जुन्या बाजारातून 158 डिस्क विकत घेतल्या. 129 चालल्या. त्यातल्या नीट पुसलेल्या निघाल्या फक्त 12. बाकीच्यांवर लोकांची पत्रं, आजारपणं आणि हजारो क्रेडिट कार्डांचे नंबर. एक डिस्क तर चक्क एटीएम मशीनमधून आलेली. हे ऐकताना मला आमच्या स्टेशनवर घेतलेली शेंगदाण्याची पुडी आठवली. शेंगदाणे संपल्यावर कागद उलगडला तर कुणाची तरी नववीची गुणपत्रिका, गणितात 11. त्या मुलाला मी ओळखत नव्हतो, पण पुढचे कितीतरी दिवस गाडीत समोर बसलेल्या प्रत्येक पोराकडे संशयाने बघत होतो.

मोठी माणसंही सुटत नाहीत. मॉर्गन स्टॅनली या बड्या अमेरिकी वित्तसंस्थेने आपली जुनी यंत्रं मोडीत काढायचं काम दिलं एका सामान हलवणाऱ्या कंपनीला. कपाटं-पलंग उचलणारी माणसं ती, त्यांना डिस्कचं काय? ग्राहकांची माहिती पोटात घेऊन त्या डिस्क पुढे इंटरनेटवर लिलावाला लागल्या. 2022 साली तिथल्या बाजार नियामकाने 35 दशलक्ष डॉलर दंड वसूल केला. आपल्याकडेही 2023 साली व्यक्तिगत माहितीच्या संरक्षणाचा कायदा झालाय. काम झालं की माहिती पुसा, म्हणतो. आणि सांभाळली नाही तर दंड 250 कोटींपर्यंत. तो कंपन्या-कार्यालयांसाठी आहे, माझ्यासारख्या ओट्यावरच्या कारकुनासाठी नाही, तरी जुन्या सवयीने मी तो आकडा घरात मोठ्याने वाचून दाखवला. आमची मंडळी भाजी निवडताना म्हणाली, "आधी भंगारवाल्याचे शंभर कुठे ठेवलेत ते सांगा."

खरं तर हे काम मला नवीन नसायला हवं होतं. सरकारी दप्तरात कागदांच्या जाती असतात. 'अ' म्हणजे कायम, 'ब' 30 वर्षं, 'क' 10, 'क-1' 5 आणि 'ड' एक वर्ष. टेबलावरचे कागद सहा गठ्ठ्यांत लावायचे, त्यातला सहावा गठ्ठा नष्ट करायच्या कागदांचा. आणि मुदत संपलेले कागद वेगळे काढण्याला आमच्या दप्तरी भाषेत जो शब्द आहे, तो ज्याने केला त्याचं नक्की कुठेतरी भाताचं खाचर असणार: निंदणीकरण. भर श्रावणात गुडघाभर चिखलात वाकून बायका भातातलं तण उपटतात, तीच निंदणी. फरक एवढाच, की शेतात तण उपटतात आणि भात राखतात. आमच्या कार्यालयात एकदा निंदणीकरण झालं तेव्हा एका उत्साही माणसाने 'अ' वर्गाचा एक बस्ता जाळला आणि 1983 सालच्या पंखा-दुरुस्तीची बिलं कायम राखली. ती अजून आहेत.

तीस वर्षांच्या नोकरीत माझा सहावा गठ्ठा मात्र नेहमी सगळ्यात बारीक. हात धजत नसे. लागला तर?

मंगळवारी लेकीने ऑफिसातून एक वायर आणली. डिस्क तिच्या लॅपटॉपला जोडली आणि एक प्रोग्रॅम उघडला. डिलीट करून उपयोग नाही, तर वर दुसरं काहीतरी लिहायचं. जमीन नांगरायचीच. तिथे विचारणा होती, किती वेळा? एक, तीन, सात की 35?

"35," मी म्हणालो. दहावीपासून या आकड्यावर माझी श्रद्धा आहे.

त्या आकड्यालाही इतिहास आहे. न्यूझीलंडच्या पीटर गटमन नावाच्या संशोधकाने 1996 साली दाखवून दिलं, की चुंबकीय डिस्कवर एकदा लिहून त्यावर दुसरं लिहिलं तरी खालच्याचा पुसट माग राहू शकतो आणि फार बारीक उपकरणांनी तो काढता येऊ शकतो. म्हणून त्याने 35 फेऱ्यांचा क्रम सांगितला. मला हे लगेच पटलं. वर लिहून खालचं झाकण्याचा आपल्याकडचा सगळ्यात गाजलेला प्रयोग म्हणजे 'ध'चा 'मा'. 1773 साली नारायणराव पेशव्यांचा खून झाला. 'धरावे'चं 'मारावे' आनंदीबाईंनी केलं असं सांगतात. खरं-खोटं इतिहासकारांकडे. पण एका अक्षरावर दुसरं अक्षर चढवल्याला अडीचशे वर्षं झाली, तरी खाली 'ध' होता हे आमच्याकडच्या शेंबड्या पोरालाही माहीत आहे. एक फेरी कशी पुरेल?

लेक हसली. म्हणाली, तो 35चा क्रम त्या काळातल्या वेगवेगळ्या डिस्कांसाठी मिळून होता. कुठल्याही एका डिस्कला सगळा लागत नाही आणि हल्लीच्या डिस्कवर एक फेरी नीट झाली तर बास. खुद्द गटमननेच पुढे लिहून ठेवलंय, की लोक त्या 35 फेऱ्यांकडे भूतबाधा उतरवायच्या मंत्रासारखे बघायला लागले. मला आमच्या पाड्यावरचा भगत आठवला. तोही कोंबडं एकाच फेरीत उतरवत नाही. पण त्याच्याकडे निदान लाईट लागत नाही. आमची पहिलीच फेरी 61 टक्क्यांवर आली आणि लाईट गेली. लॅपटॉपच्या बॅटरीने मान टाकली. तासाने लाईट आली तेव्हा डिस्क फिरेना. आतून नुसतं टिक-टिक, टिक-टिक, भिंतीवरची पाल बोलावी तसं.

म्हणजे आता काढता येईना आणि पुसताही येईना. वाचता येत नाही म्हणून मेली असं धरू नका, लेकीने बजावलं. जाणकाराच्या हातात गेली तर उरलेलं बोलेल. मी उपाय सुचवत गेलो. शेतात राब भाजताना त्यात टाकू का? प्लॅस्टिकचा धूर आपल्याच नाकात, आणि ॲल्युमिनिअम राबाच्या आचेला दाद देत नाही. विहिरीत? पाण्याने आतल्या चकतीवरचं पुसलं जात नाही. मग तानसाच्या तलावात? 1892 साली पुरं झालेलं ते धरण आमच्या जवळ, आणि पाणी जातं मुंबईला. आमच्या शहापूर तालुक्यात इतकी धरणं असून उन्हाळ्यात पाड्यांवर टँकर येतो, तेव्हा आमची आधारकार्डं तेवढी मुंबईकरांनी प्यावीत, हा विचार मनाला क्षणभर बरा वाटला. पण नको.

शेवटी उघडायची ठरली. हे सोपं नाही. डिस्कचे स्क्रू साध्या पान्याने सुटत नाहीत, त्यांची डोकी सहा पाकळ्यांची. नाक्यावरच्या मोबाइल दुरुस्तीवाल्याकडून तसा पाना आणला. सहा सुटले तरी झाकण हलेना. एक स्क्रू लेबलखाली लपवलेला असतो. नखाने लेबल चाचपत गेलं की एका जागी बोट खाली जातं, तिथे. तो काढला आणि झाकण 'सुक' करून निघालं.

आत आरसा होता. खोटं सांगत नाही. इतका स्वच्छ आरसा आमच्या घरात दुसरा नाही. बशीएवढी चकती, मधोमध रिंग, कडेला रेकॉर्ड प्लेअरसारखा एक बारीक हात आणि त्याच्या टोकाला मोहरीपेक्षा लहान काहीतरी. चालू असताना ते टोक चकतीला टेकत नाही. केसाच्या जाडीपेक्षा हजारो पट कमी अंतरावरून, मिनिटाला 7200 फेऱ्या घेणाऱ्या आरशावर तरंगत असतं. मी वाकून बघितलं तर त्यात माझाच चेहरा. निम्म्या खर्डीची जन्मतारीख, वधूच्या दोन्ही उंच्या आणि मावशीचं पत्र, सगळं त्या चेहऱ्याच्या मागे कुठेतरी होतं, आणि दिसत काहीच नव्हतं. एक ओरखडा नाही.

मावशीचं पत्र दहा-बारा वर्षांपूर्वीचं. मुलगा सुरतेला गेला तो गेला. एका दुपारी मावशी ओट्यावर येऊन बसली आणि म्हणाली, लिव. मी टाइप करत गेलो, ती सांगत गेली. गायीचं, घराच्या कौलांचं, त्याच्या बापाच्या शेवटच्या दिवसांचं, आणि मग बरंच असं, जे आई मुलाला तोंडावर सांगत नाही. दीड पान झालं. प्रिंट काढू का विचारलं तर म्हणाली, "नको. राहू दे तुझ्याकडं." तेव्हापासून ते राहिलं होतं. ते पुसलेल्या 61 टक्क्यांत होतं की उरलेल्यांत, हे सांगायला आता कुणी नव्हतं.

आमच्या लहानपणी मयताचं पोस्टकार्ड यायचं. ते दारातच वाचायचं आणि तिथेच फाडायचं, घरात ठेवायचं नाही. आजी तर तुकडेसुद्धा उंबऱ्याच्या आत येऊ देत नसे. कुठला कागद कधी फाडायचा, हे त्या निरक्षर बाईला आमच्या अख्ख्या अभिलेख कक्षापेक्षा नीट कळत होतं.

मी चकती काढून नाक्यावरच्या फॅब्रिकेशनवाल्याकडे गेलो. अमेरिकेतल्या मानकं ठरवणाऱ्या संस्थेने माहिती संपवण्याच्या तीन पायऱ्या सांगितल्यात: पुसणं, मुळासकट काढणं आणि वस्तूच फोडणं. आपल्या भाताच्या हिशेबात निंदणी, कापणी आणि झोडणी. मी थेट झोडणीला आलो होतो. लंडनला 2013 सालच्या जुलैमध्ये 'द गार्डियन' वृत्तपत्राच्या तळघरात अमेरिकेची गुपितं फोडणाऱ्या स्नोडेनच्या कागदपत्रांचे कॉम्प्युटर सरकारी माणसांसमोर ड्रिल आणि ग्राइंडरने फोडले, तेव्हा तीच हत्यारं होती जी आमच्या नाक्यावर खिडकीच्या जाळ्या बनवायला वापरतात. फॅब्रिकेशनवाल्याने चकती वाईसमध्ये आवळली. "कशाची आहे, काका?" "जुना आरसा." तीन-चार भोकं पाडून मग ग्राइंडर फिरवला, ठिणग्या नाहीत, नुसती करडी भुकटी. पैसे घेईना. त्याच्या पोलीस भरतीचा फॉर्म मी भरला होता, तोही तिथेच होता, त्या भुकटीत.

घरी आल्यावर लेकीने डिस्कची हिरवी सर्किटपट्टी आणि बाकीचे तुकडे कंपनीतल्या ई-कचऱ्याच्या डब्यासाठी पिशवीत भरले. पेनड्राइव्हवर आणि नव्या चिपवाल्या डिस्कवर हा वर लिहून खालचं पुसण्याचा खेळ चालत नाही, हेही सांगून झालं. ती चिप आपली झीज सारखी वाटून घेते. आपण खोडतो एका जागी आणि ती लिहिते भलत्याच जागी. चुंबक दाखवा, ढिम्म. त्यापेक्षा पहिल्या दिवसापासून सगळं कुलपात ठेवायचं आणि टाकायच्या वेळी फक्त किल्ली नष्ट करायची. मी मान डोलावली. डिस्कमधून दोन चुंबक निघाले होते, अंगठ्याएवढे, पण एकमेकांना चिकटले की सोडवताना बोटाची साल निघते. मंडळींनी ते लगेच फ्रिजला लावले. एकाखाली लाईटबिल, दुसऱ्याखाली चिठ्ठी. चिठ्ठीवर तिच्या अक्षरात माझ्या पेन्शनच्या खात्याचा पासवर्ड. आळीतली पोरं पाणी प्यायला आली की वाचून जातात. एकाने स्पेलिंग सुधारून दिलंय.

रविवारी मावशी आली. आता ऐंशीच्या पुढे आहे, कानाने कमी. मी तिला ओट्यावर बसवून मोठ्याने सांगितलं, "मावशी, तुझं ते पत्र होतं ना माझ्याकडं, ते फोडून टाकलं."

"कुठला?"

"पोराला लिहिलेलं. सुरतेचं."

"बरा केलास," ती म्हणाली. चहा बशीत ओतला, एक घोट घेतला आणि मग समोर पेरूच्या झाडाकडे बघत ते पत्र म्हणायला लागली. गायीपासून. कौलं, नवऱ्याचं आजारपण, आणि त्या पुढचंसुद्धा, क्रम न चुकता, ओवीसारखं. कानाने कमी असल्यामुळे आवाज मोठा. समोरच्या घरातली सून दळण निवडायची थांबली. पलीकडचा रेडिओ बंद झाला.

संपल्यावर तिने बशी खाली ठेवली. "आता नवा लिव," म्हणाली. "धाकटा जातोय सुरतंला, त्याच्या हाती देते." मी आत जाऊन फ्रिजवरचं लाईटबिल काढलं, पाठकोरं होतं, पेन घेतलं आणि येऊन बसलो.

"पहिला खाली लिव," मावशी म्हणाली, "वाचलास की फाडून टाक."